तुला काय दिसलं?

इंद्रजित सरनोबत कुठल्याही सिनेमाबद्दलचं पहिलं मत अडीच मिनिटांत देऊन मोकळा व्हायचा. बायकोबद्दलचं मत बनवायला मात्र त्याला तेवढाही वेळ लागला नाही, आणि सगळी गडबड तिथंच झाली.

ते कसं झालं हे सांगायचं तर आधी जुळता ट्रेलर म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी एका सिनेमाला एक ट्रेलर असायचा आणि सगळ्या जगानं तोच बघायचा. आता सिनेमावाले अख्खा सिनेमाच यंत्राच्या हवाली करतात आणि यंत्र त्यातून प्रत्येकाला त्याच्यापुरता ट्रेलर कापून देतं. कसा, तर डोळ्याकडे बघून. उजेड कमीजास्त झाला की डोळ्यातली बाहुली मोठी-लहान होते, हे आपण शाळेत शिकलो. पण उजेड तेवढाच असला तरी मन कशाकडे ओढलं गेलं की ती थोडीशी मोठी होते. ही गोष्ट आपल्या ताब्यात नसते. चेहरा मख्ख ठेवता येतो, श्वास रोखता येतो. बाहुलीला थांब म्हणता येत नाही. टॅबच्या काचेवरचा बारीक कॅमेरा पडद्याच्या उजेडाचा परिणाम वजा करतो आणि उरलेली वाढ टिपतो. जिथं बाहुली मोठी झाली ते दृश्य पुढच्या वेळी लांबतं, जिथं ती थंड राहिली ते गळतं. असं करत करत टॅबला मालकाचा कल कळतो, आणि मग नव्या सिनेमाचा ट्रेलरसुद्धा त्या कलानंच कापून येतो. चेहरा ओळखायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून यंत्र फक्त डोळे बघतं. ज्याचा टॅब त्याचेच डोळे, एवढं धरून चालतं.

लोकांनी याची आधी खूप मजा केली. कोल्हापुरात गंगावेशीतल्या एका काकूंना युद्धाच्या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये सैनिकांचा भटारखाना आणि तिथली पितळी पातेलीच दिसली. एका भावी नवरदेवाच्या ट्रेलरमध्ये नायिका बाजूला राहिली आणि तिची धाकटी बहीणच नाचत बसली. ते लग्न मोडलं म्हणतात. मग लोक शहाणे झाले आणि आपापला टॅब उशीखाली ठेवू लागले.

इंद्रजित आणि केतकीनं यातूनच आपला कार्यक्रम काढला होता. नाव ‘तुला काय दिसलं?’ एका सोफ्यावर दोघं पाठीला पाठ लावून बसायचे, कानात इअरफोन, हातात आपापला टॅब. सिनेमा एक, ट्रेलर दोन. संपला की वळून एकमेकांना विचारायचं, तुला काय दिसलं? ‘सासऱ्याचा सॅटेलाइट’ या विनोदी सिनेमात तिला एक एकटा म्हातारा दिसला होता आणि ह्याला नुसती मारामारी. त्यावर दोघं असे भांडले की लोक हसून लोळले. कोल्हापुरात रस्त्यात कुणी भेटलं तरी नमस्काराऐवजी विचारायचं, काय वहिनी, काय दिसलं?

पहिल्याच भागात इंद्रजितनं प्रेक्षकांना मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं, “लक्षात घ्या मंडळी, बाहुली किती मोठी झाली एवढंच यंत्राला कळतं. का झाली ते कळत नाही. प्रेम असो, भीती असो, राग असो, बाहुलीला सगळं सारखंच.” दुसऱ्याला समजावलेलं आपल्याला लागू करायचं असतं, हे मात्र गडी विसरला.

कार्यक्रमाचे नियम केतकीचे होते. चित्रीकरणाआधी ट्रेलर बघायचा नाही, आणि दुसऱ्याच्या टॅबला हात लावायचा नाही. “पहिलं मत एकदाच असतं,” ती म्हणायची. “ते फसवून आणलं तर आपल्यात आणि जाहिरातीत फरक काय राहिला?” ती शाळेत मुलांना नाटक शिकवायची, त्यामुळे नियम सांगायचा तिचा आवाजच वेगळा होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ‘चौथा काठ’ आला.

नदीकाठच्या गावात पाण्याची पातळी मोजणाऱ्या एका सरकारी माणसाची गोष्ट. त्या माणसाच्या भूमिकेत अभिराम बावडेकर. निर्मात्यांचा निरोप होता की या सिनेमाचा भाग घरी न करता कोल्हापुरातल्या नाट्यगृहात लोकांसमोर करायचा, अभिराम स्वतः येणार. ट्रेलर दोघांच्या टॅबवर आधीच येऊन पडेल, पंधरवड्यानं रविवारी स्टेजवर उघडायचा.

“अभिराम येतोय, बघ की,” केतकी म्हणाली. “किती वर्षं झाली रे.” आणि ती स्वयंपाकघरात गेली ती गुणगुणतच.

तर, अभिराम कोण ते सांगतो. कॉलेजात असताना केतकी आणि अभिराम एकांकिकांत एकत्र काम करायचे. दोघं स्टेजवर आले की बाकीच्यांनी घरी जावं, अशी जोडी. आणि त्या एकांकिकांची प्रकाशयोजना इंद्रजितची. म्हणजे ते दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत असताना त्यांच्यावर उजेड टाकायचं काम याचं. पुढं अभिराम मुंबईला गेला, केतकी गेली नाही, तिनं उजेडवाल्याशी लग्न केलं. का केलं, हे इंद्रजितनं तिला कधी विचारलं नव्हतं. उत्तर काय येईल याची त्याला खात्री नव्हती.

ती गुणगुणत गेली आणि याच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी शाळेत गेली. तिचा टॅब फडताळावर होता. इंद्रजितनं त्याला दोनदा वळसा घातला, एकदा पाणी पिण्याच्या निमित्तानं आणि एकदा काहीच निमित्त नसताना. मग टॅब उचलला. नुसतं बघायला काय हरकत आहे, तो स्वतःला म्हणाला. टॅब उघडायची खूण त्याला माहीत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ती माहीत असतेच.

ट्रेलर सुरू झाला. नदी, घाट, घाटाच्या पायऱ्या उतरणारा अभिराम. एक म्हातारी, मग भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा, पुन्हा अभिराम. चांगला दिसत होता मेला. कानाजवळ जरा पांढरं झालं होतं आणि तेही त्याला शोभत होतं. नायकच आहे, दिसणारच, असं म्हणून इंद्रजितनं टॅब होता तसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा बघितला, खात्री करायला. बघतो तर काय, ट्रेलर बदलला होता. काल अभिराम पायऱ्या उतरत होता, आज तो उतरून पाण्यात पाय सोडून बसलाही होता. म्हातारी गेली होती. भिंतीवरच्या खुणा गेल्या होत्या.

कुणी बघितल्याशिवाय ट्रेलर बदलत नाही. टॅब केतकीचा. म्हणजे केतकी चोरून बघते. नियम करणारी ती, पहिलं मत एकदाच असतं म्हणणारी ती, आणि आपण दूध आणायला गेलो की हे. सरळ गणित होतं. या गणितात आपण स्वतःला धरलेलंच नाही, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. मत्सर झालेल्या माणसाला सगळं जग दिसतं, आरसा तेवढा दिसत नाही.

मग रोजचाच नेम झाला. केतकी शाळेत गेली की हा टॅब घेऊन बसायचा, कधी एकदा, कधी न राहवून दोनदा. रोज अभिराम वाढत होता. त्याची मान, त्याचे हात, शर्टाच्या बाह्या दुमडायची त्याची पद्धत. केतकीला काय काय आवडतं याची ही यादीच आहे, असं समजून इंद्रजित एकेक गोष्ट मनात कोरून घेत होता. एकदा तर न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहून त्यानं आपल्याही बाह्या दुमडून बघितल्या. जमलं नाही, तेव्हा शर्टच बदलला.

सगळ्यात वाईट होती ती स्कूटर. पहिल्या दिवशी ती नुसती कोपऱ्यात उभी होती. आठवड्यात ती मधोमध आली. जुनी, निळी, अगदी इंद्रजितच्या बाबांची होती तशी. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली तरी ती स्कूटर अजून घराच्या जिन्याखाली आच्छादन घालून उभी होती. केतकी दर दिवाळीला म्हणायची, विकून टाक, धूळ खातेय. हा ऐकायचा नाही. आणि आता हा अभिराम तसल्याच स्कूटरला किक मारत होता. पहिली किक फुकट, दुसरी फुकट, तिसऱ्या किकला ती खोकून चालू व्हायची, आणि तो मागं वळून बघायचा. मागची सीट रिकामी. ती कुणासाठी रिकामी आहे हे इंद्रजितला कुणी सांगायची गरज नव्हती. माझी बायको घेतोस ती घे, वर माझ्या बापाची स्कूटरही घेतोस, अशा विचारानं त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “ट्रेलर बघितलास का ग?”

“कसा बघेन? रविवारी आहे ना.”

डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. किती सफाईनं खोटं बोलते, असं याला वाटलं.

“अभिनय अजून चांगला जमतो तुला.”

“काय म्हणालास?”

“शाळेत म्हटलं. पोरांना शिकवतेस ते.”

केतकीनं कप खाली ठेवला. “आठ दिवस झाले, तू माझ्याशी असाच बोलायलायस. ताटात बघतोस, भिंतीकडं बघतोस, माझ्याकडं बघत नाहीस. अभिराममुळं का?”

तो कपातला चहा ढवळत बसला.

“असेल तर सरळ सांग. मी त्या कार्यक्रमाला जात नाही. खरंच सांगते, निर्मात्यांना फोन करून कळवते, आमच्याच्यानं होत नाही म्हणून. मला त्याचं काही नाही. पण मनात ठेवून असं टोचत बसू नकोस.”

खरं तर तिथंच संपायचं. हो म्हणाला असता तर संपलंही असतं. पण हो म्हणणं म्हणजे हरणं, आणि अभिरामसमोर आयुष्यभर अंधारात उभं राहिलेल्या माणसाला आणखी हरायचं नव्हतं.

“छे,” तो म्हणाला. “मी काय लहान आहे? होऊ दे की झोकात.”

आणि त्याच वेळी त्यानं ठरवलं. रविवारी केतकीचा ट्रेलर मोठ्या पडद्यावर लावायचा. बघू दे सगळ्या कोल्हापूरला, हिला काय दिसतं ते.

रविवारी नाट्यगृह तुडुंब भरलं. स्टेजवर त्यांचा घरचाच सोफा आणून ठेवला होता, मागं मोठा पडदा. निर्मात्यांनी पाठवलेली फरहाना मुजावर तारा जोडत होती. या सगळ्या यंत्रांची खडान्‌खडा माहिती असलेली, चष्म्याआडून तिरकं बघणारी तरुण बाई. तेवढ्यात अभिराम आला आणि केतकीला नमस्कार करून थेट इंद्रजितच्या गळ्यात पडला.

“इंद्या, लेका, तुझ्या उजेडाशिवाय मी कधी नीट दिसलोच नाही बघ. मुंबईत सगळ्यांना सांगतो.”

माणूस मनापासून बोलत होता, त्यामुळे इंद्रजितला तो जास्तच खुपला. वाईट असता तर बरं झालं असतं.

केतकी साडीला माइक लावून घेत होती. इंद्रजित फरहानाजवळ गेला आणि हळूच म्हणाला, “मॅडमचा टॅब मोठ्या पडद्याला जोडा.”

“लोकांसमोर?” फरहानानं चष्मा वर केला. “मॅडमना विचारलंय ना?”

“बायको आहे माझी.”

“ते ठीक आहे, पण विचारलंय ना?”

“विचारलंय,” इंद्रजित म्हणाला.

दिवे मंद झाले. दोघं सोफ्यावर पाठीला पाठ लावून बसले. केतकी टॅब उघडणार इतक्यात मागचा पडदा उजळला. ती वळली, सगळे वळले.

पंधरा दिवसांत त्या ट्रेलरमध्ये दुसरं काही उरलंच नव्हतं. नदी नाही, गाव नाही, गोष्ट नाही. अभिरामची मान, दुमडलेल्या बाह्या, मनगट, हसणं, तेच हसणं पुन्हा जवळून. प्रेक्षकांत आधी शिट्या झाल्या, मग खुसखुस, मग सगळं नाट्यगृह गप्प झालं. पहिल्या रांगेत अभिराम खाली मान घालून बसला. आणि शेवटी ती निळी स्कूटर. एक किक. दुसरी. तिसरी. मागं वळून बघणारा अभिराम आणि रिकामी सीट.

इंद्रजितनं माइक तोंडाशी धरला. आवाज कापत होता, पण त्याला त्यातही गोडी वाटत होती. “केतकी,” तो म्हणाला, “तुला काय दिसलं?”

केतकी पडद्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याची खूण याला शोधूनही सापडेना. कपाळाला बारीक आठी होती, एवढंच.

“फरहाना,” ती म्हणाली, “हा ट्रेलर किती वेळा बघितला गेलाय?”

फरहानानं आपल्या पडद्यावर बोट फिरवलं. “बऱ्याच वेळा, मॅडम. जवळजवळ रोज. सकाळीच. कधी कधी दोनदा.”

“सकाळी मी शाळेत असते,” केतकी म्हणाली. ती माइकवर बोलत नव्हती, हळू आवाजात बोलत होती. मग तिनं इंद्रजितकडं बघितलं आणि त्याला सगळं तिच्या डोळ्यांत उलगडताना दिसलं. आधी स्कूटर कळली, मग टॅब, मग पंधरा दिवसांचं त्याचं फुगलेलं तोंड.

“तिसऱ्या किकला चालू होते ती,” ती तशीच हळू म्हणाली. “आपल्या जिन्याखालची. मला त्या स्कूटरचं कधी काही वाटलं नाही, इंद्रजित. तुझ्यासाठी ती बाबा घरी आल्याची खूण आहे, आणि ती खूण तुझी आहे. हे डोळे तुझे आहेत. मी हा ट्रेलर आत्ता पहिल्यांदा बघितला.”

बाहुलीला सगळं सारखंच. प्रेम असो, भीती असो, राग असो. स्वतःचाच तोऱ्यातला आवाज इंद्रजितच्या कानात वाजला. रोज तो त्या माणसाकडं जळत्या डोळ्यांनी बघत होता, आणि यंत्र बिचारं समजत होतं की या डोळ्यांना हाच माणूस हवा आहे. डोळे मागतील तेवढा अभिराम ते पानात वाढत गेलं होतं. केतकीच्या मनात अभिराम किती आहे हे त्याला काहीच कळलं नव्हतं. आपल्या मनात तो किती आहे, तेवढं मात्र सगळ्या कोल्हापूरनं बघितलं होतं.

प्रेक्षक वाट बघत होते. केतकीनं माइक चालू केला आणि हसली. शाळेत शिकवतात तो अभिनय होता तो, आणि तो बिनचूक होता.

“मंडळी, घोटाळा झालाय,” ती म्हणाली. “हा माझा ट्रेलर नाही. आमच्या घरात अभिरामचं एवढं वेड कुणाला आहे, ते मला आज कळलं. अभिराम, अरे, तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण आमचा उजेडवाला अजून तुझ्यावरच उजेड धरून बसलाय.”

नाट्यगृह हास्यात बुडालं. अभिरामनं सुटकेचा श्वास टाकला आणि उठून इंद्रजितला वाकून नमस्कार केला. आणखी हशा. तिनं नवऱ्याला वाचवलं होतं. तीही मनातल्या मनात हसत असती तर इंद्रजितला बरं वाटलं असतं, पण माइक बंद करताना तिचं तोंड उतरलेलं त्यानं बघितलं.

“गेल्या पंधरवड्यात हा टॅब जे काही शिकलाय ते पुसता येईल?” तिनं फरहानाला विचारलं.

“येईल की. त्याच्या आधीचा तुमचा कल तसाच राहील.”

“पुसा. आणि मोठा पडदा बंद करा.”

फरहानानं पडदा बंद केला. जाता जाता तिनं इंद्रजितकडं चष्म्याआडून बघितलं, विचारलंय म्हणाला होतात ना, अशा नजरेनं. त्यानं मान खाली घातली.

मग ते दोघं नेहमीसारखे बसले, पाठीला पाठ लावून, कानात इअरफोन. इंद्रजितनं आपला स्वतःचा टॅब उघडला. पंधरा दिवसांत त्याला तो उघडायची आठवणही झाली नव्हती, त्यामुळे त्यावरचा ट्रेलर कोराच होता. ट्रेलर सुरू झाला. नदी होती, घाट होता. कोपऱ्यात निळी स्कूटर होती. अभिराम जेमतेम एकदा येऊन गेला. बाकी सगळा वेळ एक बाई होती, नायिकाही नव्हे, त्या गावातली मास्तरीण असावी. अंबाड्यात पेन खोचायची आणि विसरायची, मग सगळीकडं शोधायची. केतकी रोज असंच करते. त्या बाईकडं बघता बघता इंद्रजितला पडदा धूसर दिसू लागला. कित्येक वर्षं त्याचे डोळे काय शोधत होते हे यंत्राला माहीत होतं, आणि या पंधरवड्यात इंद्रजितनं ते एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

त्याच वेळी त्याला पाठीला केतकीची पाठ जाणवत होती. एका क्षणी तिचा श्वास थांबला. मग तो हळूच सुटला आणि तिची पाठ थरथरली. रडली की हसली ते पाठीवरून कळत नव्हतं. तिलाही काहीतरी दिसलं होतं, अगदी आतलं.

ट्रेलर संपला. इंद्रजित घाईनं वळला. त्याला सगळं सांगायचं होतं, अंबाड्यातल्या पेनचं, मास्तरणीचं, सगळं. पण आधी विचारायचं असतं, म्हणून त्यानं विचारलं. माइकवर नव्हे, कुजबुजत.

“तुला काय दिसलं?”

केतकीनं इअरफोन काढले. टॅबची काच पदरानं पुसली आणि तो छातीशी धरला. डोळे ओले होते, पण ती शांत होती.

“ते आता माझं माझ्यापाशी राहू दे,” ती म्हणाली.

मग ती उठून स्टेजच्या पुढं गेली आणि लोकांना म्हणाली, सिनेमा चांगला वाटतोय, नक्की बघा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रजित सोफ्यावर बसून राहिला, वळलेला, तोंड उघडं, सांगायला तयार. ती परत आली, त्याच्या शेजारी बसली, पण तिनं उलट विचारलं नाही.